चारपैकी चार

हेमराज,

तुझ्या शेवटच्या पॅसेजमध्ये मला चारपैकी चार मिळाले. आयुष्यात पहिल्यांदाच. आणि त्या पॅसेजमध्ये काय लिहिलं होतं, ते मला कळलंच नव्हतं.

हे तुला ठाऊक आहे. उत्तरं तपासून 'चारही बरोबर' असं तूच लिहून पाठवलं होतंस. तुझ्या घरी मात्र कुणाला ठाऊक नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, मंडप सुटला, आणि दुर्गावहिनी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारतात, "कोनाले त सांगाचं होतं ना? छातीत दुखते म्हनून कोनालेच कायले नाई सांगतलं?" लोक मान हलवतात. म्हणतात, हेमराजचा स्वभावच तसा, पोटातलं ओठावर येऊ द्यायचा नाही. मीही मान हलवत होतो. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच. कारण तू सांगितलं होतंस. मला. इंग्रजीत, दीडशे शब्दांत, खाली प्रश्न काढून.

आता हे वहिनींना सांगायचं की गिळून टाकायचं, एवढ्या एका गोष्टीवर मी दहा दिवस घालवले. सांगितलं तर त्यांना दोन गोष्टी कळणार. एक म्हणजे नवऱ्यानं आपल्याआधी मित्राला सांगितलं. दुसरी म्हणजे तो मित्र माठ निघाला. नाही सांगितलं तर तू कुणालाच काही न बोलता गेलास, हे खोटं तुझ्या नावावर कायमचं राहणार. विचारायला तू नाहीस. म्हणून लिहितोय.

आपली ओळखच नापासांच्या रांगेतली. गोंदियाच्या त्या अभ्यासिकेत पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून पोरं सकाळी सहाला येऊन वही ठेवून जायची. तू माझ्या शेजारी बसायचास आणि वाचताना ओठ हलवायचास. मला वाटायचं, हा परीक्षेसाठी कुठला तरी मंत्र जपतोय. नंतर कळलं, तू पॅसेज स्वतःलाच वाचून दाखवत होतास. मी तेव्हा फार हुशार होतो. माझं स्वतःचं शास्त्र होतं. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला एक ठळक शब्द धरायचा, तो शब्द उताऱ्यात हुडकायचा, आजूबाजूची ओळ उचलायची, गोल काळा करायचा, पुढे. उतारा वाचायची गरजच काय? त्या शास्त्राच्या बळावर बँकेच्या परीक्षेत मी मधमाश्यांवरचे पाचही प्रश्न पुढच्या पानावरच्या रेल्वेच्या उताऱ्यातून सोडवून आलो. बाहेर चहाच्या टपरीवर तुला म्हणालो, "पॅसेज सोपा होता बे. फक्त मधमाश्या टाइमटेबलनं काऊन चालतात, ते नाही समजलं."

तू हसता हसता खाली बसलास. चहा सांडला. आणि डोळे पुसत म्हणालास, "टेकचंद, तू पॅसेज वाचत नाई बे. तू त्याची झडती घेते."

पाचातलं एक उत्तर तरीही बरोबर आलं होतं. ते मी तुला वर्षभर ऐकवलं.

मग दोघांचीही वयं परीक्षांच्या हद्दीबाहेर गेली. तू आपल्या चार एकर धानाकडे परतलास. मी गोरेगावात बसस्टँडजवळ झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान टाकलं. आणि दुकानाच्या मागच्या खोलीत आपण दर रविवारी इंग्रजीचे तास सुरू केले. ज्यांना स्वतः पास होता आलं नाही ते दुसऱ्यांना पास करायला बसतात, त्याला आपल्याकडे क्लास म्हणतात.

पुस्तकातल्या उताऱ्यांवर पोरं अडखळायची. सगळीकडे बर्फ, दीपगृह, कुठल्या तरी थंड गावातली म्हातारी आणि तिचं मांजर. आपली काजल, जी तेव्हापासून वनरक्षकाची परीक्षा देतेय, तिनं एकदा विचारलं होतं, "सर, दीपगृहाच्या जागी मोबाइलचा टॉवर समजलं त चालते का?" मी तिला झापलं. पुढच्या रविवारी तू स्वतः लिहिलेला पॅसेज घेऊन आलास. नागझिऱ्यातला एक गाइड. गाडीतल्या पाहुण्यांना वाघच पाहिजे. वाघ काही दिसत नाही, म्हणून तो त्यांना दोन झाडांच्या मधलं कोळ्याचं जाळं दाखवतो, आणि मागची एक मुलगी सोडली तर कुणीच पाहत नाही. साधं इंग्रजी, लहान वाक्यं. खोलीत एवढी शांतता मी माझ्या तासाला कधी ऐकली नव्हती. मग बोदलकशाच्या तळ्यावरचा मासेमार आला, भरल्या एसटीत कोंबडा घेऊन चढलेली बाई आली. दर रविवारी एक.

कागदाचा खर्च शून्य, कारण छपाईत चुका करायला मी होतो. ती एक पत्रिका आठवते? वराचा आणि वधूचा बाप मी एकच छापला होता. चारशे प्रती. पोरीचा बाप दुकानात येऊन म्हणाला, "बाबू, हे लगन करू का पोलीसले बलावू?" त्या चारशे पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तू आठ महिने पॅसेज लिहिलेस, आणि मी त्यांच्या झेरॉक्सही उरलेल्या पत्रिकांच्याच पाठीवर काढल्या. एका पोरानं तर 'मासेमार किती वाजता परतला?' याचं उत्तर 'गोरज मुहूर्तावर' असं लिहिलं. कागद उलटला होता त्यानं. तू त्याला अर्धा गुण दिलास. म्हणालास, वेळ संध्याकाळचीच होती ना.

तुझी एक रीत होती, ती मला कधी पटली नाही. चार प्रश्नांना चार-चार पर्याय आणि पाचवा प्रश्न बिनपर्यायाचा. एका वाक्यात उत्तर लिहा. 'त्या मुलीला जाळं का दिसलं असेल?' असलं काहीतरी. मी म्हणायचो, "परीक्षेत जे येतच नाही ते कायले शिकवतोस? पोरांचा वेळ जाऊन राहिला." तू म्हणायचास, "परीक्षेनंतर बी वाचाचं आहे ना त्याइले?" मी पोरांना युक्त्या शिकवायचो. ज्या पर्यायात 'फक्त' किंवा 'नेहमी' असेल तो डोळे मिटून खोडा. पुढच्याच रविवारी तू असा पॅसेज आणलास की चारही बरोबर उत्तरांत 'फक्त' होतं. सगळा वर्ग नापास. मीसुद्धा. काजलनं फळ्यावर माझं नाव शून्यासकट लिहिलं आणि तू खडू झटकत म्हणालास, "प्रश्न घेऊन शिरला त तेवढंच भेटंल जेवढं शोधाले गेला."

हा वाद आपला बारा वर्षं चालला. आधी प्रश्न की आधी उतारा. मी हरत होतो आणि कबूल करत नव्हतो. तुझ्या शेवटच्या रविवारीही तेच झालं. तू उशिरा आलास, शटरच्या पायरीवर जरा टेकलास, मी गल्ल्यावरून ओरडलो, "म्हातारा झाला का बे?" तू म्हणालास, "हो." मी हसलो. मग खोलीत गेल्यावर मी पोरांसमोर म्हणालो की हेमराज सरांचे पॅसेज फार छान असतात, पण नोकरी माझ्या युक्तीनं लागते. आजवर एकाचीही लागली नव्हती. तू ते म्हणाला नाहीस. तुझ्याकडे बाण होता, नेम होता, समोर माझ्याएवढं रुंद निशाण होतं, आणि तू नुसतं खिडकीकडे पाहिलंस. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या आठवड्यात तू कुठल्या तरी चुकलेल्या पत्रिकेच्या पाठीवर लिहून आणायच्या ऐवजी पॅसेज मोबाइलवर पाठवलास. बारा वर्षांत पहिल्यांदा. आणि वर्गाच्या ग्रुपवर नाही, एकट्या मला. 'सोडवून पाहा,' एवढंच वर लिहिलेलं. बाकी सगळं इंग्रजीत. दुकानात तेव्हा एक नवरदेव आपल्या नावापुढे 'इंजिनिअर' लिहायचं की नाही यावर आपल्या मामाशी भांडत होता. मी एका हातानं त्यांची पत्रिका धरली, दुसऱ्या हातानं प्रश्न वाचले, शब्द धरले, वर गेलो, ओळी उचलल्या. दोन मिनिटं. तुला पाठवलं, 'एक ब, दोन ड, तीन अ, चार क. पाचवा परीक्षेत येत नाही.' त्यापुढे दात काढणारं एक पिवळं तोंड.

पाचवा प्रश्न होता, 'या माणसानं हे कुणाला सांगितलं आहे?'

तुझं उत्तर बऱ्याच वेळानं आलं. 'चारही बरोबर.' मी ते नवरदेवाच्या मामाला दाखवलं.

त्यानंतर तू अठरा दिवस होतास. मी मोजलेत. त्यातल्या दोन रविवारी 'कापणी आहे' म्हणून तू आला नाहीस, आणि धानकापणीत माणूस येत नाही हे मला बरोबरच वाटलं. मग एका सकाळी बातमी आली की धानाच्या बांधीवर कोसळलास, आणि गोंदियाला पोचायच्या आधीच संपलं. कुणीतरी म्हणालं, चौकात फ्लेक्स लावायचा तर टेकचंदच्या मोबाइलमध्ये फोटो असेल. तिसऱ्या दिवशी मी फोटो शोधायला आपलं बोलणं मागे सरकवत गेलो. फोटोच्या आधी तो पॅसेज लागला. हाताला काही काम नव्हतं, समोर गिऱ्हाईक नव्हतं, सोडवायला प्रश्न नव्हते. म्हणून वाचला. वरून खालपर्यंत.

शटर ओढून घेतलं आणि आतच बसून राहिलो. बाहेरून कुणीतरी दोनदा वाजवलं. आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे होती.

गेल्या रविवारी पोरं आली होती. परीक्षा तोंडावर आहे, त्यांना सुतक परवडत नाही. मी पुस्तकातला दीपगृहाचा उतारा दिला. काजलनं कागद उलटा केला, सुलटा केला. म्हणाली, "सर, चारच प्रश्न?"

"परीक्षेत तेवढेच..." म्हणालो. फळा पुसायला लागलो. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. तरी पुसला. मागून एकही जण हसला नाही रे. त्यांनी हसायला पाहिजे होतं. तू असतास तर हसवलं असतंस.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तुझे जुने पॅसेज काढून मोठ्यानं वाचतो. पूर्वी तू वाचायचास, मी उत्तर द्यायचो, तू नावं ठेवायचास. आता वाचणारा मी, उत्तर देणारा मी. चूक झाली तर खोलीत कुणालाच कळत नाही. चुकण्यातली सगळी मजाच गेली. आणि मजा सोड, हेमराज, मला आता ते उतारे समजतात. कोंबडा घेऊन एसटीत चढलेली बाई परत उतरताना कोंबडा का नेत नाही, ते मला परवा कळलं. कुणाला सांगू?

इथवर लिहून कागद मिटून ठेवला होता. काल दुपारी तुझ्या घरी गेलो. वहिनी पडवीत सुपात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी खांबाला टेकून बसलो.

"वहिनी, एक सांगायचं होतं."

"सांगा ना भाऊजी. तुमी त तेरा दिवस तोंडच नाई उघडलं. गावातले म्हनतेत, टेकचंदची वाचा गेली म्हने."

"हेमराजनं सांगितलं होतं. छातीचं."

सूप थांबलं. "कोनाले?"

"मला."

"कवा?"

"कापणीच्या आधी. मोबाइलवर. इंग्रजीत लिहून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता अजून, नुसती घाई होती. "मंग तुमी काय म्हनलं त्याइले?"

मी जन्मात पुष्कळ मूर्खपणा केला आणि तो चारचौघांत रंगवून सांगितला. ही एक ओळ मात्र तोंडातून निघता निघेना. "एक ब, दोन ड, तीन अ, चार क."

"हे काय होय?"

"उत्तरं."

मग त्या सरळ विचारत्या झाल्या. आपल्याकडे आडून विचारायची पद्धत नाही.

"तुमाले समजलं असतं त?"

"त त्याच दिवशी नागपूरला नेलं असतं."

"वाचले असते?"

"माहीत नाही, वहिनी. कदाचित."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. पदरानं हात पुसले, एकेक बोट. "वाचा," म्हणाल्या.

मी मोबाइल काढला. आधी तुझं इंग्रजी वाक्य, मग त्याचं मराठी. एका वाक्यावर थांबायचं, मग दुसरं. आयुष्यात एवढं हळू मी काही वाचलं नव्हतं.

"एक शेतकरी रोज सकाळी बांधीवर जातो. बांधी होती तिथेच आहे, पण वाट लांब झाली आहे."

"वाट कायले लांब होईन?" वहिनी म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच हुंकार भरला. कळलं होतं. मला जे अठरा दिवसांत कळलं नाही ते त्यांना एका श्वासात.

"आधी तो पळसाखाली बसतो. मग नाल्यावरच्या मोरीवर बसतो. कुणी विचारलं तर म्हणतो, पाणी पाहून राहिलो."

"मलेबी तसंच सांगत."

"तो ताटात भात ठेवून उठतो. काही दिवसांपासून त्याची बायको भात कमी वाढते, ताट रिकामं दिसावं म्हणून. तिला वाटतं, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. त्याच्या लक्षात आलं आहे."

"थांबा."

थांबलो.

"ताटाचं परत वाचा."

वाचलं.

"इंग्रजीतलं वाचा."

इंग्रजीतलं वाचलं. वहिनींना इंग्रजीचा एक शब्द येत नाही, तुला ठाऊकच आहे. मान खाली घालून ऐकत होत्या. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं, त्या माझा आवाज ऐकतच नव्हत्या.

"मले वाटे, मी चोरून करून राहिली," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात चला म्हनलं त चिडत. म्हनून दोन घास कमी वाढे. उष्टं राह्यलं त मलेच पाहावं लागे ना." मग समोरच्या अंगणाकडे पाहून, "त्याइले समजलं होतं म्हनजे."

"हो."

"आन् बोलले नाई."

"नाही."

"मीबी नाई."

मी पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "बस, भाऊजी. आज एवढंच. बाकीचं उद्या या आन् वाचून द्या."

मी चपला घातल्या. फाटकापाशी वळून विचारलंच. माझ्यासारख्यानं विचारू नये ते. "वहिनी, रागावल्या का माझ्यावर?"

"रागावली त," त्या म्हणाल्या. सूप परत मांडीवर घेतलं होतं. "लय रागावली. मंग? राग आला म्हनून त्याइचं आयकाचं सोडू का?"

तर आज दुपारी जातोय, हेमराज. सहा वाक्यं उरली आहेत. सकाळपासून बसून एकेकाचं मराठी जुळवतोय, तिथे अडायला नको म्हणून. पाच झाली. सहावं सगळ्यांत सोपं आहे, त्यात एकही अवघड शब्द नाही. 'या माणसाचा एक मित्र आहे, तो फार भरभर वाचतो.'

ते मी गाळणार नाही.